पाटलोण घालणारे ‘बिनविजारी’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

गेल्या रविवारी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर येऊन पडला. ‘इतिहासाचे नागडे सत्य’ असे त्याचे शीर्षक होते, खाली तिरंगी निशाण धरलेल्या एका धिप्पाड माणसाचे चित्र होते आणि शेवटी नेहमीप्रमाणे ‘किमान दहा गटांत पाठवा’ अशी आज्ञा होती. असले मजकूर मी एरवी न वाचता पुसून टाकते. पण हा पुसून भागण्यासारखे नव्हते, कारण नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो तोवर इतिहासाच्या प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता. ‘सान्स क्युलॉट्स म्हणजे अंगावर विजारसुद्धा नसलेले लोक’ हे तिचे पहिले वाक्य. ज्या टेबलावर ही वही होती, त्याच टेबलावर तिचे पाठ्यपुस्तक उघडे होते आणि त्यात याच्या बरोबर उलट लिहिलेले होते. ‘मावशी, पण हे तर मामानेच पाठवलंय’, या तिच्या उत्तरावर मला काही बोलता आले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मजकूर ज्यांच्यापर्यंत पोहोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा गोषवारा देते. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या या गरीब क्रांतिकारकांना विजार घ्यायलाही पैसे नव्हते, ते अर्धनग्न फिरत, म्हणून त्यांना हे नाव पडले. नाव सरदारांनी हिणवण्यासाठी दिले आणि तेव्हापासून आजतागायत त्याचा अर्थ बदललेला नाही. हे लोक कामधंदा नसलेले, फुकटे आणि हजेरीचे पैसे घेऊन सभेला येणारे होते. ते जगातले पहिले कम्युनिस्ट होते आणि क्रांतीचा बडा नेता रोबेस्पिएर त्यांचा पुढारी होता. ते रक्ताला चटावलेले होते. आणि मग या सगळ्या रचनेचा कळस : ‘आज फुकट धान्याच्या रांगेत उभे राहणारे यांचेच वारस आहेत.’ हा शेवटचा सांधा बसवण्यासाठीच आधीची सारी इमारत उभी केलेली आहे, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात यायला फार वेळ लागत नाही.

आधी कापडाचे बोलू, कारण तिथला घोटाळा सर्वांत हास्यास्पद आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा उच्चार ‘साँ-क्युलोत’ असा आहे. ‘साँ’ म्हणजे विना, आणि ‘क्युलोत’ म्हणजे अठराव्या शतकातली गुडघ्यापर्यंत येणारी, अंगासरशी बसणारी विजार. आपल्याकडचा चोळणा आठवावा, मात्र तो सैल न ठेवता रेशमात तंग शिवलेला. तिच्या खाली पांढरे मोजे आणि बकलाचे जोडे, असा हा थाट सरदारांचा आणि त्यांच्याकडे पाहून चालणाऱ्या पैसेवाल्यांचा होता. ज्याला दिवसभर करवत चालवायची, ऐरणीवर घण घालायचा किंवा नदीकाठच्या धक्क्यावर पोती वाहायची आहेत, तो असले काही घालत नसे. तो घोट्यापर्यंतची साधी लांब विजार घाले, जिला फ्रेंचमध्ये ‘पांतालों’ म्हणतात. हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटायला हरकत नाही, कारण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडची ‘पाटलोण’ इंग्रजीच्या वाटेने याच घराण्यातून आलेली आहे. थोडक्यात, ज्यांना फॉरवर्डवाले विजार नसलेले म्हणतात, त्यांची विजार सरदाराच्या विजारीपेक्षा वीतभर लांबच होती. एखाद्याला ‘बिनटायवाला’ म्हटल्यावर तो उघड्या अंगाने कचेरीत येतो, असे कोणी समजत नाही.

मग हा नागडेपणा आला कुठून? एक वाट अगदी आजची असावी. आजच्या फ्रेंचमध्ये ‘क्युलोत’ हा शब्द बायकांच्या आतल्या चड्डीसाठी वापरला जातो, त्यामुळे भाषांतर करून देणाऱ्या फोनला विचारले की तो दोनशे तीस वर्षांपूर्वीच्या सुतारालाही बेधडक चड्डीविना उभा करतो. दुसरी वाट मात्र जुनी आहे, आणि तिच्यात निव्वळ अज्ञान नाही, हेतू आहे. २० सप्टेंबर १७९२ ही तारीख घातलेले जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचे एक चित्र लंडनमध्ये विकायला आले. त्यात साँ-क्युलोतांचे एक कुटुंब दिवसभराच्या श्रमांनंतर रात्रीच्या जेवणाला बसलेले आहे. ताटात माणसांचे अवयव आहेत, चुलीपुढे एक तान्हे मूल भाजले जात आहे, पोरे जमिनीवर बसून आतडी चघळत आहेत. आणि पुरुषांच्या कमरेखाली खरोखरच काही नाही. गिलरेला शब्दाचा खरा अर्थ ठाऊक नव्हता असे मानण्याचे काही कारण नाही. शत्रूच्या नावाचा मुद्दाम शब्दशः अर्थ घेणे हाच त्याचा विनोद होता. तो विनोद आमच्या कुटुंबाच्या गटावर सव्वादोनशे वर्षांनी ‘इतिहासाचे सत्य’ म्हणून उतरला आहे.

आणि मजकुरासोबतचे ते चित्र? ते ब्वाली या चित्रकाराचे आहे, आणि त्यातला धिप्पाड माणूस शेनार नावाचा गायक आहे. व्यवसायाने तो रंगमंचावर गाणारा. सव्हॉय प्रांताच्या मुक्ततेचा उत्सव १४ ऑक्टोबर १७९२ रोजी झाला, तेव्हा त्याने साँ-क्युलोताचा वेष करून निशाण धरले, तो हा क्षण. आखूड बंडी, लाकडी खडावांसारखे जोडे आणि पायात चांगली लांबरुंद पाटलोण. म्हणजे ‘विजार नव्हती’ या विधानाखाली पुरावा म्हणून विजार घातलेला माणूस छापला आहे, आणि तोही गरीब मजूर नसून मजुराचे सोंग घेतलेला कलावंत. मला मात्र हे चित्र दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचे वाटते : १७९२ च्या त्या शरदात हा पोशाख इतका मानाचा झाला होता की नावाजलेल्या गायकालाही तो अंगावर चढवून मिरवावेसे वाटले. त्याच्या तीन आठवडे आधी, समुद्रापलीकडे, तोच माणूस नरभक्षक म्हणून रेखाटला गेला होता.

दुसरा मुद्दा नावाच्या उगमाचा. येथे मला थोडे नमते घ्यावे लागते, कारण नाव हिणवण्यासाठी वापरले गेले हे अर्धे खरे आहे. १७९१ च्या सुमारास राजपक्षाची वृत्तपत्रे आपल्या उग्र विरोधकांना ‘साँ-क्युलोत’ म्हणून चिडवत होती. पण शब्द तिथे जन्मला नाही. मायकेल सोनेन्शर या इतिहासकाराने २००८ मध्ये या एका शब्दावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे आणि त्याने शब्दाचा माग काढत आपल्याला थेट पॅरिसच्या दिवाणखान्यांत नेले आहे. तिथल्या प्रतिष्ठित बायका आपल्या बैठकीला येणाऱ्या लेखक-विद्वानांना नववर्षाची भेट म्हणून विजार शिवायला मखमल देत. मादाम द तांसँ यांची ही रीत प्रसिद्ध होती. तेव्हा ज्याला कोणी आश्रयदाती नाही, तो ‘विजार न मिळालेला’, असा तो सभ्य माणसांचा थट्टेचा शब्द होता. १७८० मध्ये ऐन तिशीच्या आत मेलेला कवी झिल्बेर, ज्याने प्रस्थापित तत्त्वज्ञांवर उपहासकाव्ये लिहून त्यांचा रोष ओढवून घेतला होता, त्याला हे विशेषण चिकटवले गेले, आणि मग अंगावर धड कपडा नसलेल्या कोणत्याही लेखकाला ते लावण्याची टूम निघाली, अशी आठवण मेर्सिए या समकालीनाने नोंदवून ठेवली आहे. म्हणजे पहिला साँ-क्युलोत मजूर नव्हता. तो ज्याचे संमेलनात कोणी स्वागत करत नाही, असा कवी होता. ही जमात आपल्याकडेही आहे, पण ते असो.

‘तेव्हापासून अर्थ बदललेला नाही’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने या शब्दाचे १७९१ ते १७९५ हे पाच वर्षांचे आयुष्य तरी पाहायला हवे होते. २० जून १७९२ रोजी पॅरिसच्या वस्त्यांतले लोक तुइलरीच्या राजवाड्यात शिरले आणि सोळाव्या लुईने त्यांच्या देखत क्रांतीची खूण असलेली तांबडी टोपी डोक्यावर घातली. त्या दिवशी एका दांडक्याच्या टोकाला फाटकी क्युलोत निशाणासारखी मिरवली गेली, असे वर्णनांत येते. शिवी देणाऱ्याच्या हातातून शिवी काढून घेऊन तिचेच निशाण करणे ही तशी युरोपात नवी गोष्ट नव्हती. नेदरलँड्सच्या बंडखोर सरदारांनी १५६६ मध्ये ‘भिकारी’ ही शिवी अशीच बिल्ला म्हणून लावून घेतली होती. फरक इतकाच, की ते सरदार होते आणि हे सुतार. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत, १० ऑगस्टला, राजवाडा पडला आणि पुढच्या वर्षभरात हा शब्द थेट सरकारी झाला. पॅरिसच्या ४८ नगरविभागांपैकी एकाने ‘साँ-क्युलोत’ हेच नाव घेतले. १७९३ च्या शरदात नवे पंचांग आले, त्यात तीस-तीस दिवसांचे बारा महिने मोजल्यावर वर्षाच्या शेवटी पाच आणि लीप वर्षी सहा दिवस उरत. आपल्या अधिक महिन्यासारख्या या वरकड दिवसांना ‘साँक्युलोतीद’ असे नाव देऊन ते गुण, श्रम, प्रतिभा वगैरेंचे उत्सवदिन ठरवण्यात आले. ज्याला कोणी विजार देत नव्हते, त्याच्या नावाने आता सण साजरे होऊ लागले.

शब्दाच्या या चढ-उताराचा मला माहीत असलेला सर्वांत नेमका दाखला एका जहाजाचा आहे. तुलाँ बंदरात १७९१ मध्ये शंभरावर तोफांचे एक प्रचंड युद्धजहाज पाण्यात सोडले गेले. राजा अजून गादीवर होता, म्हणून त्याचे नाव युवराजावरून ‘दोफँ रुवायाल’ ठेवले होते. १७९२ मध्ये राजेशाही गेली आणि त्याच जहाजाच्या पाठीवर ‘साँ-क्युलोत’ असे नाव रंगवले गेले. १७९५ मध्ये तेही खरवडून ‘ओरियाँ’, म्हणजे पूर्व, असे निरुपद्रवी नाव देण्यात आले. याच ‘ओरियाँ’वर बसून १७९८ मध्ये बोनापार्ट इजिप्तला गेला आणि १ ऑगस्टच्या रात्री अबुकीरच्या उपसागरात नेल्सनच्या आरमाराशी झालेल्या लढाईत ते दारूच्या कोठारासकट उडाले. लाकूड तेच, तोफा त्याच. चार वर्षांत तीन नावे, आणि प्रत्येक नाव पॅरिसमध्ये त्या वेळी कोणाचे चालत होते ते सांगणारे. १७९५ च्या ऑगस्टमध्ये पंचांगातल्या त्या दिवसांचेही नाव बदलून नुसते ‘पूरक दिवस’ करण्यात आले. शब्दाचा अर्थ बदलला नाही म्हणणाऱ्याने निदान हे तरी सांगावे, की मग तो इतक्या घाईने पुसावा का लागला?

आता तिसऱ्या मुद्द्याकडे येते, ज्याच्यासाठी मी लिहायला बसले. हे लोक बिनकामाचे, फुकटे होते, हे विधान केवळ चुकीचे नाही. ते साँ-क्युलोत स्वतःविषयी जे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत, त्याच्या नेमके उलटे आहे. एप्रिल १७९३ मधले एक टिपण उपलब्ध आहे. ‘पण साँ-क्युलोत म्हणजे काय हो?’ या उद्धट प्रश्नाला दिलेले उत्तर, असे त्याचे स्वरूप आहे आणि विरोधकांना उद्देशून ते लिहिलेले असल्यामुळे त्याला फणकारा आहे. त्याचा आशय असा : साँ-क्युलोत नेहमी पायी जातो, त्याच्यापाशी लाखो नाहीत, गढ्या नाहीत, सेवेला नोकर नाहीत, तो बायकोपोरांसह चौथ्या किंवा पाचव्या मजल्यावर साधेपणाने राहतो. तो उपयोगी आहे, कारण त्याला शेत नांगरता येते, लोखंड घडवता येते, करवत आणि कानस चालवता येते, छप्पर शाकारता येते, जोडे शिवता येतात. संध्याकाळी तो पावडर लावून, अत्तर शिंपडून नव्हे, तर चांगल्या ठरावांना जोर देण्यासाठी आपल्या विभागाच्या सभेला जातो. आणि ढोल वाजला की व्हांदे या बंड झालेल्या प्रदेशाकडे किंवा सैन्यात निघतो. उद्दाम माणसांचे कान कापायला त्याच्याजवळ धार लावलेली तलवार असते, असेही त्यात आहे आणि ते मी लपवत नाही.

यातला चौथा-पाचवा मजला नीट पाहावा. उद्वाहक नसलेल्या त्या काळच्या पॅरिसमध्ये पैसेवाले पहिल्या मजल्यावर राहत आणि जिने जितके चढावे तितके भाडे उतरे. म्हणजे हा माणूस भाडे भरणारा आहे, रस्त्यावर झोपणारा नाही. आणि ‘उपयोगी’ या शब्दाला लागून जी कामे येतात, ती सगळी हाताची कामे आहेत. या टिपणाच्या लेखी बिनकामाचा माणूस कोण, तर पावडर लावलेला. आमच्या फॉरवर्डने नेमकी ही व्याख्या उलटी करून ठेवली आहे.

आल्बेर सोबूल या फ्रेंच इतिहासकाराने १९५८ मध्ये नव्या पंचांगाच्या दुसऱ्या वर्षातल्या, म्हणजे १७९३-९४ च्या, पॅरिसच्या साँ-क्युलोतांवर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात विभागांच्या क्रांतिसमित्यांतील ४५४ सभासदांचे व्यवसाय मोजलेले आहेत. त्यांपैकी जवळजवळ ६४ टक्के कारागीर आणि दुकानदार होते. मजुरीवर किंवा चाकरीवर जगणारे १० टक्क्यांच्या आत. बास्तीयचा तुरुंग-किल्ला जिंकणाऱ्यांची जी अधिकृत यादी १७९० मध्ये झाली, तिच्यात ९५४ नावे आहेत आणि त्यांतही सँ-आंत्वान या उपनगरातले सुतार, कुलूपवाले, चांभार, दुकानदार यांचाच भरणा आहे. उलट काही जण चांगले खाऊनपिऊन सुखी होते. १७९३ च्या जानेवारीत राजाला वधस्तंभाकडे नेताना जो सेनानी सोबत होता, तो सांतेर बिअरच्या मोठ्या भट्टीचा मालक होता. रोबेस्पिएर ज्याच्या घरी भाड्याने राहत असे, तो द्युप्ले स्वतःला सुतार म्हणवी, पण त्याला घरभाड्याचे मोठे उत्पन्न होते आणि कामगारांना तो आपल्या जेवणाच्या मेजावर बसू देत नसे, असे त्याच्याच मुलीने सांगून ठेवले आहे. तेव्हा टीकाच करायची, तर ‘हे दाखवतात तितके गरीब नव्हते’ अशी करता आली असती, आणि काही इतिहासकारांनी ती केलीही आहे. फॉरवर्डवाल्यांनी ती संधीही घालवली.

भूक मात्र खरी होती. चार पौंडांचा पाव, जो एरवी आठ-नऊ सू (त्या काळचे छोटे फ्रेंच नाणे) या दराने मिळे, तो १७८९ च्या फेब्रुवारीत साडेचौदा सूंवर गेला आणि साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू होती. पाच तोंडांच्या घरात असे दोन पाव लागत असतील तर हिशेब कोणालाही करता येईल. पण भूक लागलेल्या या माणसांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १७९३ च्या फेब्रुवारीअखेर साखर, साबण, मेणबत्त्या यांचे भाव भडकले तेव्हा परटिणी आणि इतर बायका पुढे झाल्या, वाण्यांच्या दुकानांत गर्दी शिरली, आणि बहुतेक ठिकाणी त्यांनी माल लुटून न नेता आपण ठरवलेल्या जुन्या दराने विकायला लावला. म्हणजे वाण्याच्या मर्जीविरुद्ध, पण पैसे मोजून. काही दुकाने सरळ लुटली गेली हेही खरे. तरीही ‘फुकट’ हा शब्द त्या दोन दिवसांना लागू पडत नाही. त्यांची मागणी रास्त भावाची होती. गंमत अशी की यांचा ‘पुढारी’ म्हणून ज्याचे नाव फॉरवर्डमध्ये आहे, त्या रोबेस्पिएरनेच त्या वेळी, लोकांनी उठायचे तर असल्या क्षुल्लक मालासाठी उठू नये, असे म्हणून नाक मुरडले होते.

हजेरीचे पैसे ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती मान्य करताना मला जरा जड जाते, कारण अशी एखादी खरी गोष्टच बाकीच्या थापांना उभे राहायला पाय देते. सप्टेंबर १७९३ मध्ये असा नियम झाला की विभागाच्या सभेला येणाऱ्या गरजू नागरिकाला ४० सू मिळतील. पण नियमाचा दुसरा भाग गाळून चालणार नाही. तोवर या सभा रोज भरत होत्या. आता त्या आठवड्यातून दोनदाच भरवाव्यात, असे त्याच नियमाने ठरवले. अधिवेशनाला, म्हणजे तेव्हाच्या निवडून आलेल्या राष्ट्रसभेला, लोकांच्या रोजच्या सभा अडचणीच्या झाल्या होत्या, म्हणून त्या कमी केल्या आणि वर भरपाई म्हणून हे पैसे ठेवले. कित्येक साँ-क्युलोतांनी स्वतःच याचा निषेध केला. रोजगार बुडवून सभेला येणाऱ्या मजुराला बुडालेल्या मजुरीची भरपाई देणे, याला भाडोत्री गर्दी म्हणायचे असेल, तर बैठकीचा भत्ता घेणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला काय म्हणायचे, हेही ठरवून ठेवावे.

चौथा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. हे कम्युनिस्ट होते म्हणे. २ सप्टेंबर १७९३ रोजी याच नावाच्या विभागाने अधिवेशनापुढे जी मागणी ठेवली, तिच्यात मालमत्तेवर कमाल मर्यादा घालावी, ठरावीक नांगरांना पुरेल त्याहून अधिक जमीन कोणी खंडाने घेऊ नये, आणि एका माणसाकडे एकच कारखाना किंवा एकच दुकान असावे, असे होते. मालमत्ता नष्ट करा, असे त्यात कुठेही नाही. प्रत्येकाला एक दुकान मिळावे, ही दुकानदाराचीच इच्छा आहे. मार्क्सचा जन्म त्यानंतर पाव शतकाने झाला आणि त्याने ज्या कामगारवर्गाविषयी लिहिले, त्याच्यात आणि या मालक-कारागिरांत पुष्कळ अंतर आहे. रोबेस्पिएरबद्दल सांगायचे, तर तो शेवटपर्यंत केसांना पावडर लावत असे आणि क्युलोत घालत असे. वेषाने तो साँ-क्युलोत कधीच नव्हता, आणि मनाने होता असे म्हणायचे तर त्यांच्यातल्या बोलक्या माणसांचे काय झाले ते पाहावे : झाक रू तुरुंगात गेला आणि तिथे त्याने स्वतःचा जीव घेतला, एबेर मार्च १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला. जुलैमध्ये पॅरिसच्या मजुरीवर कमाल मर्यादा जाहीर झाली, ती मजुरांची कमाई कापणारी होती; पाचच दिवसांनी, पाडाव झालेल्या रोबेस्पिएरच्या साथीदारांना वधस्तंभाकडे घेऊन गाड्या निघाल्या तेव्हा रस्त्यातल्या कामगारांनी त्या ‘कमाल दरा’लाच शिव्या घातल्या. येथे पाठ्यपुस्तकाशीही माझे थोडे भांडण आहे. वर्षानुवर्षे चालत आलेल्या नववीच्या त्या पुस्तकात साँ-क्युलोतांना जॅकोबिनांपैकीच एक मोठा गट म्हटले आहे. हे दोघे काही काळ एका वाटेने चालले, एवढेच. जॅकोबिन हा वकील-पत्रकारांचा क्लब होता आणि साँ-क्युलोत ही विभागांच्या सभांतली माणसे होती. पण निदान पुस्तकात त्यांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांच्या लांब विजारी आहेत.

रक्ताविषयी मी वकिली करणार नाही. सप्टेंबर १७९२ च्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या तुरुंगांत हजाराहून अधिक कैदी कापले गेले, ते गिलरेने रचलेले नव्हते, आणि त्याच्या त्या चित्राला तीच बातमी कारण झाली होती. मात्र ‘रक्तपिपासू’ हाच शब्दाचा अर्थ आहे म्हणणे वेगळे. तो अर्थ शत्रूंनी आणि नंतर जिंकणाऱ्यांनी दिला. १७९५ च्या वसंतात, कमाल भावाचा कायदा उठवल्यानंतरच्या उपासमारीत, हीच माणसे ‘पाव आणि १७९३ ची राज्यघटना’ एवढे म्हणत दोनदा अधिवेशनावर चालून गेली. दुसऱ्या वेळी सैन्याने सँ-आंत्वानला वेढा घालून तिथल्या लोकांची हत्यारे काढून घेतली. त्याच वर्षी पंचांगातले नाव गेले, जहाजावरचे गेले, विभागाचेही गेले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकभर हा शब्द इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये ‘झुंड’ या अर्थाची भीती म्हणून वापरला गेला आणि सोबूलसारख्यांनी दप्तरे उपसून त्याला पुन्हा माणसांचे व्यवसाय आणि पत्ते जोडून देईपर्यंत तो तसाच राहिला. आमच्या गटावर आलेला अर्थ या लांब रांगेतला एक आहे, आणि तोही शत्रुपक्षाकडचा. त्याला रेशनच्या रांगेशी जोडणे हे इतिहासाचे काम नाही. साँ-क्युलोत ज्या रांगेत उभे होते ती पाववाल्याच्या दुकानापुढची रांग होती, आणि त्यांच्या हातात पैसे होते. दुकानात पाव नव्हता.

भाचीने वहीतले पहिले पान फाडले. मराठीत शब्द काय लिहायचा, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. ‘बिनविजारी’ तिला पुन्हा नागडे वाटले, ‘चोळणाविहीन’ मला पटले नाही, शेवटी तिने फ्रेंच शब्दच ठेवला आणि कंसात ‘पाटलोणवाले’ लिहिले. चित्र तेच ठेवले आहे. त्याच्याखाली आता ‘गायक शेनार, साँ-क्युलोताच्या वेषात, १४ ऑक्टोबर १७९२’ अशी ओळ आहे.